बुजवलेलं बीळ

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

आमच्या दहिवडीच्या घराच्या अंगणात एका गांधीलमाशीनं बीळ उकरलं, नांगी मारून लुळी केलेली अळी आत ओढली आणि तोंड मातीनं बुजवलं.

“आक्का, ती अळी जिवंत आहे. माशीचं पिल्लू तिला खाणार,” मी शेजारच्या नव्वदीतल्या हौसाआक्कांना म्हणालो.

त्या बिळाशेजारी येऊन टेकल्या. “माजा दादा दुसऱ्या महायुद्धातनं आला, तवा त्यानंबी असंच बघितलं. ब्रह्मदेशात खंदक ढासळून त्यो जित्ता गाडला गेलता. अंगणातलं बीळ बघताच ‘जित्ती हाय, काढा!’ वरडत, बोटं फुटंस्तवर माती उकरत ऱ्हायला.”

“निघाली अळी?”

“निघाली. तळहातावर घिऊन सांजंपतुर हाका मारल्या त्यानं. हललीच न्हाई.”

मी अजून बिळापाशीच बसलोय. तुम्ही उकरलं असतं?