बॉनेट न उघडणारे सुभेदार

"सुभेदार दिलदार गृहस्थ होते, यात शंका नाही. पण दिसेल ते उघडून पाहण्याची त्यांना खोड होती. माझ्या हायब्रिड गाडीची बॅटरी त्यांनी अशीच उघडली आणि निकामी केली. मला नवी बसवून घ्यावी लागली. जुना स्नेह, म्हणून मी त्याविषयी कधी बोललो नाही."

साताऱ्यात सुभेदारांच्या शोकसभेत आमच्या वकीलसाहेबांनी काढलेले हे उद्गार आहेत. 'कधी बोललो नाही' हे वाक्य त्यांनी ध्वनिक्षेपकावरून उच्चारले, एवढ्यावरूनच त्यांच्या मौनाची किंमत कळावी. पुढच्या रांगेत सुभेदारांच्या पत्नी बसल्या होत्या. तोवर ताठ बसलेल्या त्या बाईंनी ते ऐकून मान खाली घातली. मी उत्तर द्यायला उठलो, तेव्हा संयोजकांनी वेळ संपल्याचे जाहीर केले. सभेत वेळ संपतो, लेखणीला ती अडचण नाही.

ज्या माणसाला उघडण्याची खोड होती असे सांगितले गेले, तो माणूस पहिल्या दिवशी गाडीचे बॉनेटसुद्धा उघडत नसे. लष्करात वाहनदुरुस्तीत उभी हयात घालवून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या पाहू लागले. गाडी आली की ते तिच्यापासून दोन हात दूर खुर्ची टाकून बसत आणि मालकाची उलटतपासणी घेत. कुठे जाता, कोण चालवतं, मागे कोण बसतं, घरात अलीकडे नवीन काय घडलं? मालक वैतागून म्हणे, "आवं सुभेदार, गाडी बघा की! मला काय इचारताय?" त्यावर यांचे ठरलेले उत्तर, "गाडी खोटं बोलत न्हाई. तुमी बोलता. म्हणून तुमाला आदी इचारतो."

पेट्रोल फार खाते म्हणून एका गुरुजींनी आपली गाडी त्यांच्याकडे आणली होती. अर्धा तास प्रश्न विचारल्यावर निष्पन्न झाले की, सासुरवाडीहून आलेली शेंगांची पोती सुगीपासून डिकीतच होती. सुभेदार म्हणाले, "गुरुजी, गाडीला दुखणं न्हाई, बिऱ्हाड हाय. आदी ते हलवा."

त्याच सभेत दुसऱ्या एका वक्त्याने सांगितले की, सुभेदार नुसता बॉनेटवर हात ठेवून दोष ओळखत. हेही मला मान्य नाही. मृताला देव करणे ही त्याची सोयीस्कर निंदाच असते. सुभेदार चुकत, आणि चुकले की दिवसभर कोणाशी बोलत नसत. नम्रता तर त्यांच्या आसपासही फिरकली नव्हती. "माज्या हाताखालनं गेलेली गाडी फौजेत कवा रस्त्यात बसली न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की, शेवटी मीच ते पुरे करू लागलो. त्यावरून आमचे भांडण झाले. आमची भांडणे पुष्कळ झाली आणि त्यांतले एकही मी हरलो नाही, असे मी म्हणतो. ते हयात असते तर याच्या नेमके उलट म्हणाले असते.

आता त्या गाडीविषयी. वकीलसाहेबांची गाडी जुनी, पण पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोहोंवर चालणारी. पूर्वी साताऱ्यात ठरलेले दहा लिटर पेट्रोल घातले की आटपाडीकडचे त्यांचे आजोळ गाठून ती परत येई. पुढे परतीच्या वाटेवर विट्यात पेट्रोल भरण्याची पाळी येऊ लागली. पुण्याच्या एका गॅरेजने निदान केले की, मोठी बॅटरी म्हातारी झाली आहे, ती बदला. वकीलसाहेबांनी ते जवळजवळ मान्य केले होते. केवळ दुसरे मत म्हणून त्यांनी सुभेदारांना विचारले.

सुभेदार आधी चुकले, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांना चाकांच्या ब्रेकचा संशय आला. आठवडाभर ते प्रत्येक फेरीनंतर चाकांना हात लावून पाहत होते. चाके थंडच निघाली. मग त्यांच्या ध्यानात आले की, गाडी सकाळी गुणी वागते आणि दुपारी आडमुठेपणा करते. एरवी गाडी थांबली की आपोआप बंद होणारे तिचे इंजिन ऊन चढले की सिग्नललाही बंद होत नाही. ते म्हणाले, "हिला कशाचा तरी उकाडा होतोय. उन्हाच्या वक्ताला हिच्यासंगं बसाय पायजे."

म्हणून भर उन्हाळ्यात आम्ही चौघे आटपाडीकडे निघालो. वकीलसाहेब गाडी चालवत होते, शेजारी सुभेदार, मागे मी आणि वकीलसाहेबांच्या मातोश्री आक्का. मागच्या बैठकीवर एक जाड काळे घोंगडे अंथरलेले होते. ही गाडी दारात आली तेव्हा आक्कांच्या भावाने बहिणीचा मान म्हणून ते आपल्या हाताने तिथे घातले होते. पुढे भाऊ वारला. तेव्हापासून ते घोंगडे कोणी उचलले नव्हते आणि झटकलेही नव्हते. आमच्याकडे मानाने अंथरलेले वस्त्र असे सहजासहजी हलवत नाहीत.

विटा मागे पडल्यावर सुभेदारांनी मागे वळून विचारले, "आक्का, काय तरास?"

"तरास न्हाई बाबा. पर माज्या कुशीला कायतरी घुईंघुईं करतंय. आन् ह्ये घोंगडं बघा की, कुणीतरी पदर धरावा तसं त्या कडंला वढून धरलंय."

"गाडी थांबवा," सुभेदार म्हणाले.

रस्त्याकडेला गाडी थांबली. सुभेदारांनी घोंगडे उचलायला सांगितले आणि वकीलसाहेबांचा पारा चढला.

"मामांनी घातलेलं आहे ते. त्याला हात लावायचा नाही."

"मग गाडीला बी हात लावून घिऊ नका. जावा पुण्याला."

"सुभेदार, तुमच्या फौजेत असल्या गाड्या नव्हत्या!"

"व्हय, नव्हत्या. आन् असली माणसं बी नव्हती!"

दोघेही रस्त्यात उभे राहून असे भांडत होते. तेवढ्यात आक्का आतून म्हणाल्या, "आरं, भाऊ माजा, घोंगडं माजं. तुमी दोगं कशापायी वराडताय?" आणि त्यांनी स्वतः ते घोंगडे उचलून, घडी घालून मांडीवर घेतले.

मोठी बॅटरी मागच्या बैठकीखाली होती आणि बैठकीच्या बाजूला एक जाळी होती. बॅटरी गार ठेवणारा पंखा त्या जाळीतून हवा ओढतो. जाळीवर लोकरीचा असा थर बसला होता की, बोटाने उचलला तर तो लोकरीच्या चटईसारखा अखंड निघाला. बॅटरीचा श्वास कोंडला होता. ती तापली की गाडी तिच्याकडून काम घेणे थांबवी आणि सगळा भार पेट्रोलवर टाकी. सुभेदारांनी गाडी बंद करून ब्रशने जाळी साफ केली, पंख्याच्या पात्यांवरची लोकर काढली. मी म्हणालो, "आता बॅटरीही पाहून टाका." ते माझ्यावरच उखडले. "रावसाहेब, तिचा गुन्हा काय? गुन्हा नसताना झडती घ्याची न्हाई." परतताना आम्ही विट्यात थांबलो, ते फक्त चहासाठी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सुभेदारांचा स्वभाव आडवा आला. पोवई नाक्यावर चहा पिताना ते भेटेल त्याला सांगत सुटले, "वकीलसाहेबांनी गाडीच्या नाकात बोळा घातलावता, आन् पुण्याचा डाक्टर काळीज बदला म्हणत हुता!" माणसे हसली. वकीलसाहेब हसले नाहीत. पुण्याच्या निदानाची बाजू त्यांनी आमच्यासमोर कोर्टात मांडावी तशी मांडली होती. हरलेला खटला फिरवायला ते प्रतिवादी मरण्याची वाट पाहत बसले, आणि मग शोकसभेत उभे राहिले. हयातीत सुभेदारांपुढे हे बोलण्याची त्यांची छाती झाली नसती.

सुभेदारांच्या अखेरच्या दिवसांत मी रोज त्यांच्याकडे जात असे. बोलणे खुंटले होते. तरी एकदा बाहेर रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होईना, तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले आणि पुटपुटले, "त्याला म्हणावं, आदी उघडू नगो." या माणसाला उघडण्याची खोड होती म्हणे!

सभा संपल्यावर मी सरळ वकीलसाहेबांच्या गाडीपाशी गेलो. सुभेदारांच्या पत्नींना मी सोबत घेतले होते, आणि काय होते ते पाहायला चार माणसे आपणहून आली. मी म्हणालो, "वकीलसाहेब, मागची बैठक उचला." ते म्हणाले, "रावसाहेब, ही वेळ आहे का?" मी म्हणालो, "तुम्ही साधलीत तीच ही वेळ आहे." लोक पाहत होते, म्हणून त्यांनी बैठक उचलली.

बॅटरीच्या झाकणाच्या सांध्यावर कारखान्याने चिकटवलेली कागदी मोहोर, जी झाकण उघडताच फाटते, ती गाडीइतकीच जुनी, पिवळी पडलेली आणि अखंड होती.