पेंढ्यातून आलेली डिस्क

पेणहून रोह्याला आमचा कॉम्प्युटरवाला एसटीने यायचा आणि हार्ड डिस्क बिस्किटांच्या डब्यात, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मांडीवर धरायचा. "आमच्या पेणजवळच्या जोह्याचे गणपती असेच जातात, एक बोट तुटत नाय," म्हणायचा. सीझनला भावाच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा, एरवी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. माझ्या टायपिंगच्या दुकानाच्या पाटीवर नावापुढे बी.कॉम. होतं, आमच्या घराण्यातलं पहिलंच. त्यावरून तो मला हाक मारायचा, "काय बीकॉम!"

एकदा माझी डिस्क उडाली. तिच्यात शाळेची स्मरणिका होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छापखान्यात द्यायची. हे काम गेलं असतं तर गावात पुन्हा कुणी काम दिलं नसतं. बॅकअप होता, पण अख्ख्या डिस्कचा एकगठ्ठा; नवी डिस्क मिळाली ती जुनीपेक्षा लहान, आणि बॅकअप तिच्यात उतरेना. त्याला बोलावून घेतलं.

"मोठा गणपती लहान मखरात घालताय व्हय?" म्हणून तो निघून गेला.

सकाळी त्याने डब्यातून स्वतःची मोठी डिस्क काढली. आतलं सगळं घरून पुसूनच आणली होती. आधी तिच्यावर बॅकअप उतरवला, माझे गेम काढून टाकले आणि उरलेलं लहान डिस्कवर घेतलं. स्मरणिका वेळेवर गेली.

"तुमच्या डिस्कवर काय होतं?" मी विचारलं.

"डोळ्यांचे नमुने, येत्या सीझनचे. फ्लॉपीत मावंनात, गेले."

 डब्यात पेंढा दाबत तो म्हणाला, "तोंड कशाला पाडताय, बीकॉम? आमी पेणची माणसं. बनवतो ते बुडवायलाच. परत काढू."