जमिनीला टेकलेला घड

धुळ्याहून थेट गाडी मिळाली नाही, म्हणून जळगावला बदलून फैजपूरला जायचं ठरवलं. कॉलेज संपल्यावर मावशीकडे राहायला जाण्याचा योग इतक्या वर्षांनी आला होता. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि ती पदवी मिळाली मावशीच्या घरी राहून, तिच्या हातचं खाऊन. तिचे यजमान, आमचे नाना, केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम.

पारोळ्याला शेजारी एक अक्का येऊन बसल्या. "कथा चालना भाऊ?" (कुठे निघालात) असं विचारलं. फैजपूर म्हटल्यावर म्हणाल्या, मग येताना केळी आणशील. पुढे स्वतःच हसल्या. "पन बठ्ठा चांगला माल आते बाहेर जास." (सगळा चांगला माल आता बाहेर जातो.)

भुसावळ मागे पडलं, तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. झाडं तीच, पण प्रत्येक घडाला निळी पिशवी घातलेली. माझ्या वेळी घड उघडे असत. कापणीच्या दिवशी मी नानांबरोबर जायचो. ट्रकमध्ये केळीचा पाला अंथरला जाई, टोळीतली माणसं एकमेकांना चिडवत घड रचत. त्या टोळीची एक रीत होती. कापणी चालू असताना बागेत कोणी आलं, ओळखीचा असो की वाटसरू, तर त्याला घडातली केळ्यांची एक फणी दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. नाना आधी डोक्यावरचा घड पाल्यावर उतरवत, मग हात जोडून रामराम करत, मग फणी तोडत. डोक्यावर ओझं ठेवून रामराम करणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

मावशीने भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची) वाढली. वाढता वाढता सांगितलं, की आखातात केळी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने कापणीसाठी बंगालची माणसं आणली आहेत. बागमालकाने नानांसाठी शब्द टाकला, म्हणून आज त्यांच्या टोळीची परीक्षा होती. काम पसंत पडलं तर कापणी त्यांच्याकडे राहणार, नाहीतर केळ्यांची खोकी ट्रकमध्ये चढवण्याची हमाली. "जा बागेत," मावशी म्हणाली, "पण त्याईच्या कामात येऊ नको."

मी बांधावरच उभा राहिलो. घड जमिनीला न टेकवता, खांद्यावरच्या गादीवरून पॅकिंगच्या शेडपर्यंत न्यायचा, असा नवा नियम. नाना सावकाश, जपून चालत होते. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. चेहरा फुलला. खांद्यावरचा घड त्यांनी खाली पाल्यावर उतरवला आणि हात जोडले.

"कधी आला रे भो?"

मग त्यांना कळलं. हात तसेच राहिले.

व्यापाऱ्याचा सुपरवायझर बंगालचाच, तिशीचा माणूस. तो ओरडला नाही. घडावरून बोट फिरवत हिंदीत म्हणाला, की आज काही दिसत नाही, पण बोटीच्या प्रवासानंतर डाग उमटतो आणि तिकडे माल नापसंत होतो. त्यालाही वर उत्तर द्यावं लागत होतं. त्याची माणसं बागेच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत राहत. घरी कधी जाणार, असं मी विचारलं तर तो नुसता हसला.

संध्याकाळी मालकाने मान खाली घालून सांगितलं, उद्यापासून नानांच्या टोळीने खोकी चढवायची. टोळीतल्या एकाने नानांना टोमणा मारला, "पाहुण्याच्या रामरामात आपली कापणी गेली." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नाना मात्र त्या बाजूला टाकलेल्या घडाजवळ बसले आणि कोयत्याने फण्या काढू लागले. एक मला दिली.

"रिकाम्या हाताने जाशीन का? गव्हात दाबून ठेवजो."

दुसरी त्यांनी सुपरवायझरपुढे धरली. तो थोडा घुटमळला, मग दोन्ही हातांनी घेतली.

धुळ्याला परतल्यावर फणी गव्हाच्या कोठीत ठेवली. ती पिकली, दोन-तीन केळी खाल्ली, त्याच दिवशी नानांचा फोन आला. खोकी उचलून खांदा भरून येतो, म्हणाले. मग विचारलं, डाग पडला का. खोटं बोलावंसं वाटलं, पण नानांशी ते जमलं नाही. दोन केळ्यांवर बोटाएवढा काळा डाग होता, तसं सांगितलं.

"मंग तो पोरगा खरंच बोलत होता," नाना म्हणाले. "गोड होते ना पण?"

"खूप गोड होती, नाना."

"मंग झालं."

फोन ठेवल्यावर मी डागाचं केळं सोललं. डाग सालीवरच होता. समुद्रापलीकडे कुठल्यातरी दुकानात आज नाना चढवतात ती स्वच्छ केळी मांडलेली असतील, आणि घेणाऱ्याला ती आवडतही असतील. पण ती बागेतून उचलताना कोणीही कोणाला हात जोडलेले नसतील.