भिंतीपाशी थांबलेली बेडकी

तिला सगळे बेडकी म्हणत. गुडघे मुडपून पाय बाहेर फेकत ब्रेस्टस्ट्रोक पोहणारीला दुसरं काय म्हणणार? पहिल्यांदा ज्याने चिडवलं त्याला तिने कपड्यांसकट तलावात ढकललं होतं. पुढे मात्र तेच नाव तिने पदकासारखं मिरवलं.

स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. जेवतानाही टेबलाखाली पाय चालू. "अगं, टेबल पोहत दाराबाहेर जाईल," आई म्हणायची. चपलांच्या दुकानात ती कामाला होती. गिऱ्हाइकाला बूट चढवताना हिची नजर घोट्यावर. एकीला तर सरळ म्हणाली, "मावशी, घोटे काय सुरेख बाहेर वळतात तुमचे! पोहायला हवं होतंत." मावशी बूट न घेताच निघून गेल्या आणि मालकाने कपाळावर हात मारून घेतला.

तलावावर मास्तरांचा एकच घोशा: "थांब!" या पोहण्यात पायांनी रेटा दिला की हात लांब करून क्षणभर नुसतं सरकायचं असतं, दिलेला रेटा पुरता वसूल करायचा असतो. बेडकीला तेवढाही दम निघायचा नाही. रेटा संपायच्या आत हात पुढचं पाणी ओढायला निघालेले. अर्ध्या शर्यतीपर्यंत ही सगळ्यांच्या पुढे, आणि मग खांदे शिशाचे.

एकदा तर हातातोंडाशी आलेला घास गेला. भिंत लांब वाटली म्हणून शेवटी घाईने अर्धा हात मारला. उजवा पंजा आधी टेकला, डावा मागून. दोन्ही एकदम टेकले पाहिजेत हा नियम. पहिली आली आणि बाद झाली. पंचाचं बरोबर होतं, तिलाही ते ठाऊक होतं. तरी अशी भांडली की वर्षभराची बंदी पदरात पाडून घेतली.

बंदी उठली, तर संघटनेच्या चिटणिसाने सकाळचा तलाव मान्यवरांसाठी राखून ठेवलेला. मान्यवर म्हणजे कोण? पाण्यात पाय सोडून गप्पा ठोकणारे! बेडकी पोहण्याच्या कपड्यांत, खांद्यावर टॉवेल टाकून फाटकातच बसली.

"ही काय पद्धत झाली?" चिटणीस.

"पाणी तुमच्या बापाचं आहे का?"

मान्यवरांना तिला ओलांडून जायची लाज वाटली. आठवडा संपायच्या आत फाटक सगळ्यांना उघडलं. असल्या लोकांपुढे अर्ज-विनंत्या करून काही होत नाही, वाट अडवावीच लागते.

पण तोवर तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. जिना उतरताना ती कठडा धरायची. आईने एक दिवस धरलंच, "ही शेवटची निवड चाचणी. संघात आलीस तर पोह. नाही आलीस तर बंद. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. टेबल हलतच होतं.

संघात जागा एकच, आणि आडवी आली त्याच तलावावरची चिमणी, अजून शाळेत जाणारी पोर. त्या दिवशी बेडकी शर्यतभर थांबत पोहली. रेटा, सरकणं, मग हात. काठावर मास्तर तोंडात बोट घालून उभे. शेवटच्या टप्प्यात ती चिमणीच्या पुढे होती.

मग भिंत आली, तीही अवघड अंतरावर. पूर्ण हात मारायला जवळ, नुसतं सरकायला लांब. हात शिवशिवले. तेवढ्यात तो मागे राहिलेला डावा पंजा आठवला, आणि ती थांबली. सरकत, सरकत, वेग मरत गेला तरी थांबली. दोन्ही पंजे एकदम टेकले. वर पाहते तो शेजारी चिमणी चष्मा काढून धापा टाकत होती. ती आधीच पोहोचली होती.

मास्तर गुडघ्यांवर बसले. "पंधरा वर्षं घसा फोडतोय, ऐकलं नाहीस. आणि आज ऐकलंस?"

"तुम्हीच म्हणता ना थांब!"

"अगं बये, दोन हातांच्या मध्ये थांबायचं! भिंतीपाशी कोण थांबतं? छोटा हात मारायचा, दोन्ही पंजे सांभाळून."

तिच्या तोंडावर शिवी आली. मग हसू आलं, मग डोळे भरले, ते तिने पाणी मारून लपवले. चिमणी ओशाळून म्हणाली, "ताई, तुम्हीच पुढे होता."

"होते ना. लक्षात ठेव."

मास्तरांनी टॉवेल पुढे केला. तिने घेतला नाही.

"पुढची चाचणी कधी?"

"तुझं वय..."

"वय नाही विचारलं. तारीख विचारली."

"आणि आईला कबूल केलंयस ते?"

ती भिंतीला धरून तशीच तरंगत राहिली, आणि पाण्याखाली तिचे पाय कधीच चालू झाले होते.