दादाची वही आणि अडीच चमचे सोडा

माझा भाऊ माझ्यामुळे हरला, असं मी सव्वीस वर्षं मनात धरून बसले होते.

आज दादाला जाऊन एक वर्ष झालं. म्हणून लिहितेय.

दादा आठशे मीटर पळायचा. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्याच्या मालकीच्या वस्तू दोनच. एक वही आणि एक स्टॉपवॉच.

वहीत सगळं लिहायचा. पळायच्या तीन तास आधी दोन भाकरी, टायमिंग एवढं. भात खाल्ला, टायमिंग तेवढं.
पंधरा दिवस केळी. पंधरा दिवस गूळ-शेंगदाणे.
एक महिना चहा बंद. त्या महिन्यात तो घरातल्या प्रत्येकाशी भांडला.

मग कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं, की खाण्याचा सोडा पाण्यातून घेतला तर शेवटच्या दोनशे मीटरला पाय जड होत नाहीत.

आई म्हणाली, "अरं, सोडा भज्यात घालतेत. पोटात नाय."
"मग भजी कुठं जातेत, आई?"

किती घ्यायचा, ते मासिकात नव्हतं. ते तो स्वतःवरच शोधत होता.
एक चमचा, काही फरक नाही.
दोन चमचे, थोडं बरं वाटलं.
अडीच चमचे घेतले त्या दिवशी दादा मधेच ट्रॅक सोडून पळाला, तो थेट संडासाकडं. पुढं दोन दिवस अंथरुणात. ओठ पांढरे पडलेले. आई उशाशी बसून रडत होती.

बरा झाल्यावर त्यानं वहीत एवढंच लिहिलं, "अडीच जास्त होतो."

मी तेव्हा अकरावीत. ग्लास कालवून द्यायचं काम माझ्याकडं असायचं.

राज्याच्या टीमची सिलेक्शन रेस आमच्याच शहरात होती. पहिले दोघं जाणार. टीममध्ये गेला की स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी पक्की, असं सगळे म्हणायचे.

सकाळी दादा म्हणाला, "सुमे, आज सव्वादोन चमचे टाक."

मी डबा उघडला. मला त्याचे ते पांढरे ओठ आठवले.
डबा बंद केला, आणि ग्लासात मीठ-साखर कालवली.
तो नेहमीसारखा नाक दाबून गटागटा प्यायला.

दादा तिसरा आला. दुसऱ्याची छाती जेमतेम पुढं होती.

गवतावर बसून तो बुटाच्या नाड्या सोडत होता. मी टॉवेल दिला.

पुढं तो चिकलठाण्याला एका कंपनीत शिफ्टवर लागला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. रेसचा विषय त्यानं कधी काढला नाही. कुणी जुन्या सिलेक्शनबद्दल बोललं, की मी उठून किचनमध्ये जायचे.

गेल्या वर्षी त्याच्या हार्टचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. वॉर्डात आम्ही दोघंच होतो.

म्हटलं, "दादा, त्या दिवशी ग्लासात सोडा नव्हता."

"माहितीये."

"कसं?"

"सोडा घेतला की मला लई ढेकर येतेत, सुमे. त्या दिवशी एकबी आला नाय. स्टार्टिंग लाइनवरच कळलं मला."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलू? माझ्या काळजीनंच केलंस ना ते."

मी रडायला लागले. त्यानं सलाइन नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"माझं आयुष्यातलं बेस्ट टायमिंग त्याच रेसला लागलं. काही न घेता तेवढा पळलो मी. हे मला पुरलं बघ."

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी दादा गेला.

वहिनी आता सावरलीये. धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे.

दादा, तुझी खूप आठवण येते रे.
तुला मनापासून श्रद्धांजली.

तुझी सुमी