रविवारी ठोकलेला खिळा

कॅथी निडेगर हिने आपल्या घरी एकापाठोपाठ एक असे अनेक परदेशी विद्यार्थी ठेवले, आणि त्यांपैकी एकानेही तिच्या नवऱ्याला हात उचलताना पाहिले नाही. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध होता, हे आमच्या इमारतीत प्रत्येकाला ठाऊक होते. ते बोलून दाखवण्याची मात्र आमच्याकडे रीत नव्हती.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या विद्यापीठामागील चढावर आमची चार मजली इमारत उभी आहे. निडेगर दांपत्य तिसऱ्या मजल्यावर राहत असे आणि मी, एक जुना शाळामास्तर, त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर. त्यांना मूल नव्हते. उत्तरेकडील खोली मोकळी होती, म्हणून कॅथीने ती विद्यापीठाच्या अदलाबदल योजनेत नोंदवली. सप्टेंबरात कोणी क्राकोवहून येई, कोणी ग्रनाडाहून, आणि जूनअखेर परत जाई. परक्या माणसादेखत रेस निडेगर अत्यंत सभ्य असे. जेवताना तो विद्यार्थ्याच्या ताटात स्वतः बटाटे वाढी. जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने खोली रिकामी राही, आणि त्या दोन महिन्यांत, ऐन उकाड्यात, कॅथी मनगटापर्यंतच्या बाह्या घालून जिना उतरे.

रेस तरुणपणी भुशाच्या आखाड्यातला नामांकित पैलवान होता. आमच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या कमरेवरील तागाच्या आखूड चड्डीला घट्ट पकडून त्याला उचलायचे आणि पाठीवर आपटायचे असते. एका मोठ्या जत्रेत त्याने ओकच्या पानांचे कडे, विजेत्याच्या डोक्यावर ठेवतात ते, जिंकले होते. ते काचेच्या पेटीत घालून त्याने उत्तरेकडच्या खोलीत टांगले होते. ह्या कुस्तीचा एक जुना शिष्टाचार आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याला उठवावे आणि त्याच्या पाठीला चिकटलेला भुसा आपल्या हाताने झटकावा. रेस तो शिष्टाचार घरीही पाळत असे. बायकोला कमरेच्या पट्ट्याला धरून तो जमिनीवर आपटी, मग उभी करी, पाठमोरी वळवी आणि तिची पाठ दोनदा झटकी. हे मला कॅथीने नंतर सांगितले. तेव्हा मला केवळ वरून पोते पडल्यासारखा आवाज येई आणि माझ्या जेवणाच्या टेबलावरचा दिवा हलू लागे.

आमच्या जिन्यात नियमांचा फलक आहे. दुपारच्या जेवणाच्या तासात, रात्री दहानंतर आणि रविवारी संपूर्ण दिवस ठोकाठोक, कपडे धुणे, मोठा आवाज वर्ज्य. रेसने हे नियम कधीही मोडले नाहीत. तो मारी तेही नियमात बसवून. एकदा कॅथीने पोलिसांना बोलावले होते. रेसने त्यांना कॉफी दिली. मग त्यांनी खालच्या बालझिगर बाईंना विचारले. ह्या बाई जन्मभर रुग्णालयात परिचारिका होत्या आणि खोटे बोलणे त्यांना जमत नसे. त्या म्हणाल्या, "शांततेच्या वेळात मी काहीही ऐकलेलं नाही." ते अक्षरशः खरे होते. पोलीस निघून गेले, आणि त्या ऑगस्टात कॅथीच्या दोन बरगड्या मोडल्या.

गेल्या उन्हाळ्यात योजनेकडून इनेश नावाची मुलगी ठरली. ती पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरातली, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. तिची पत्रे संगणकावर येत आणि कॅथी उत्तरांची भाषा तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येई. इनेशला सर्व काही आधीच जाणून घ्यायचे होते. कॅथीने तिला लिहिले की घरात घालायच्या सपाता आण, आल्यावर चौदा दिवसांच्या आत महापालिकेत नोंद कर, विम्याचा कागद पेटीच्या तळाशी नको, वर ठेव. आपली धुण्याची पाळी बुधवारी. कचरा फक्त निळ्या पिशवीतून. रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. आणि नदीत पोहायला जाशील तेव्हा उडी मारण्याआधी बाहेर कुठून पडायचे ती जागा बघून ठेव, पाण्याला फार ओढ आहे.

इनेशने उलट विचारले की पुस्तकांसाठी फळी मिळेल का.

"फळी कुठं लावणार?" मी विचारले. "भिंतीवर तर पेटी आहे."

"बघू, मास्तर," कॅथी म्हणाली.

ऑगस्टच्या मध्यावर रेसने जाहीर केले की ह्यापुढे घरात विद्यार्थी नको. तो कामावरून निवृत्त झाला होता आणि ती खोली त्याला स्वतःच्या बक्षिसांसाठी हवी होती.

"पोर्तुगीज," तो जिन्यात मला ऐकू जाईल असे बोलला. "आजवर विटा उचलायला यायचे. आता म्हणे शिकायला. कळव तिला, जागा नाही."

"कळवते," कॅथी म्हणाली, आणि तिने कळवले नाही. खोलीत कोणी नसेल तर जुलै-ऑगस्ट वर्षभर चालणार, हे तिला स्वच्छ दिसत होते.

एका शनिवारी रेसला कपाटात नव्या चादरी आणि लाल सपातांचा एक जोड सापडला. पाहुण्या मुलीने सपाता विसरल्याच तर असाव्यात म्हणून कॅथीने तो आणला होता. रेसने जेवणाचा तास संपू दिला. एक वाजून गेल्यावर माझा दिवा हलला, थांबला, पुन्हा हलला. मग काचेची भांडी फुटली. मग कॅथीचा आवाज, शब्द नसलेला, आणि लगेच तोंडावर हात पडल्यासारखा बंद. त्याने तिची डाव्या हाताची करंगळी कपाटाच्या दारात धरून दार लावले होते. त्यानंतर तिला तीन वेळा आपटले. चौथ्या मजल्यावरचा ट्रामचालक गुगर जिन्यात येऊन उभा राहिला, माझ्या दाराकडे बघून म्हणाला, "किती वाजले, मास्तर?" मी सांगितले. तो मान हलवून परत वर गेला. नियमात बसत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चच्या घंटा नुकत्याच थांबल्या होत्या आणि रेस मागच्या बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होता. कॅथीने घराचे पुढचे दार सताड उघडले आणि ते मिटू नये म्हणून खाली लाल सपात अडकवली. मग उत्तरेकडच्या खोलीत जाऊन तिने कड्याची पेटी भिंतीवरून काढली, खाली ठेवली, उजव्या हाताने हातोडी घेतली आणि फळीचा पहिला खिळा ठोकायला सुरुवात केली.

रविवारी सकाळी आमच्या इमारतीत हातोडीचा आवाज. मी माझा सदरा नीट खोचण्याच्या आत बालझिगर बाई माझ्या मजल्यावर पोहोचल्या होत्या. वरून गुगर पायऱ्या उतरत होता, गालाला दाढीचा साबण तसाच.

"निडेगर बाई, आज रविवार आहे," बालझिगर बाई वर पोहोचताच निडेगरांच्या उघड्या दारातून म्हणाल्या.

"माहीत आहे," कॅथी म्हणाली आणि तिने दुसरा खिळा लावला.

"अहो, फलकावर लिहिलंय."

"वाचलाय मी. या ना आत. सगळेच या."

आम्ही तिघे आत गेलो. तिची करंगळी काळी पडून सुजली होती आणि ती फळी कोपराने दाबून धरत होती. बालझिगर बाईंची नजर त्या बोटावर गेली आणि तिथेच राहिली.

"हे बोट कधी मोडलं?"

"काल. दुपारी. नियमात."

तेवढ्यात रेस बाल्कनीतून आत आला. त्याने जमिनीवरची पेटी पाहिली. आम्ही तिघे त्याला दिसत नव्हते असे नाही, परंतु त्याचे डोळे पेटीवरून हलले नाहीत.

"कुणी काढली?"

"मी. फळी लावायची आहे. मुलगी येतेय."

"कळवलं नाहीस?"

"नाही."

त्याने तिच्या कमरेचा पट्टा पकडला. आखाड्यात मी त्याला पाहिले नव्हते, पण तो डाव कसा असतो ते त्या क्षणी समजले. ती वर उचलली गेली, तिचे पाय पेटीच्या काचेवर आपटले, काच फुटली, आणि ती पाठीवर जमिनीवर आली. हातोडी गुगरच्या नडगीवर जाऊन पडली. गुगर पुढे झाला तेव्हा रेसने त्याला छातीवर एका हाताने ढकलले. तो दाराच्या चौकटीवर आदळला आणि साबणात रक्त मिसळले. त्याचा एक दात खाली पडलेला मला दिसला.

"बाहेर व्हा," रेस म्हणाला. "माझं घर आहे."

मग जे झाले ते त्याने विचार करून केले नसावे. तो खाली वाकला. कॅथीला दंडाला धरून त्याने उभे केले, तिचे तोंड भिंतीकडे वळवले आणि तिच्या पाठीवरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. तिच्या पोटरीत काचेचा तुकडा रुतला होता आणि तो तिच्या पाठीवरची धूळ झटकत होता.

रेसचा हात तिसऱ्यांदा उचलला गेला आणि तिथेच थांबला. तो आपल्या हाताकडे पाहू लागला.

"हे काय केलंत आता?" बालझिगर बाईंनी विचारले.

"काय?"

"पाठ झटकलीत."

"मग?"

"काही नाही. पैलवान जिंकल्यावर झटकतात ना, तशी." त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, फोन करा. आणि तुम्ही, निडेगर, त्या खुर्चीवर बसा. हलू नका."

आश्चर्य म्हणजे तो बसला. मी फोन केला. बालझिगर बाईंनी कॅथीच्या पोटरीतली काच काढली आणि नव्या चादरीची पट्टी फाडून बांधली.

"चादर नवी होती," कॅथी म्हणाली.

"दुसरी घेऊ. गुगर, दात उचला, दुधात ठेवा, लावता येईल."

पोलीस आले. त्यांनी बालझिगर बाईंनाच आधी विचारले, कारण त्या दारात उभ्या होत्या. हे पहिल्यांदाच घडले का, असा प्रश्न होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्याचा हात सवयीने गेला. तुम्ही मागच्या वेळी मला आवाजाबद्दल विचारलंत, मी आवाजाबद्दल सांगितलं. ह्या वेळी मी डोळ्यांनी पाहिलंय. लिहून घ्या."

गुगरने साबणासकट सही केली. मीही केली. रेसकडून किल्ली घेऊन त्यांनी त्याला खाली नेले. जिन्यात तो कॅथीला एवढेच म्हणाला, "पेटी सांभाळ." पुढे न्यायालयाने त्याला त्या घराजवळ येण्यास मनाई केली. तो जवळच्या थून गावी भावाकडे राहू लागला. शिक्षेचे प्रकरण अजून चालू आहे. पानांचे कडे त्याने मागवून घेतले, आणि गुगरने ते खोक्यात भरून नेऊन दिले.

इनेश सप्टेंबरच्या आरंभी आली. तिच्या पेटीत सर्वांत वर विम्याचा कागद होता आणि स्वतःच्या सपाता ती विसरली होती. कॅथीने तिला लाल जोड दिला, ज्यातील एक सपात दाराने जरा चेपलेली होती. तिने पुस्तके फळीवर मांडली, तर ती एका बाजूला सरकू लागली. मी तिला सामान वर चढवू लागायला गेलो होतो, म्हणून हे संभाषण माझ्यासमोर झाले.

"फळी तिरकी आहे," इनेश म्हणाली.

"हो. एका हाताने ठोकली. रविवारी."

"पण तुम्हीच तर लिहिलं होतं, रविवारी ठोकायचं नाही."

"नाहीच ठोकायचं," कॅथी म्हणाली. तिची करंगळी अजून प्लास्टरमध्ये होती. "इथं रविवारी खिळा ठोकला की सगळं घर धावत येतं."

इनेश हसली. हा त्या वृद्ध बाईचा विनोद आहे असे तिला वाटले असावे. मी उद्या पाणसळ आणून फळी सरळ करून देतो, असे म्हटले, तेव्हा कॅथीने नको म्हणून मान हलवली आणि पुस्तकांच्या सरकत्या टोकाला टेकू म्हणून एक जाड शब्दकोश आडवा ठेवला.