मिलिंदचा नावाडी

मेलेल्याला उठवायचं की नाही, यावर मिलिंदचं आणि त्याच्या मुलीचं भांडण होतं.

मेलेला म्हणजे व्हिडिओ गेममधला एक म्हातारा नावाडी. घाबरू नका.

मिलिंद स्वतः गेला, त्याला आज वर्ष झालं.

माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी संस्कृत घेतलं, त्याने इलेक्ट्रिकल. त्यामुळे पुढे पगार त्याला मिळाला आणि वेळ मला.

त्या काळी आबिड्सच्या बाजारातल्या एका दुकानातून त्याने जुना जपानी गेम आणला होता. तलवारी, राक्षस, गावोगावचे राजे, आणि सगळे अखंड बोलणारे. जपानीत.

आम्हाला अक्षर कळत नव्हतं. मेनूतली वरची ओळ म्हणजे 'विकत घे' असं समजून आम्ही आमची एकुलती एक तलवार विकली. मग महिनाभर राक्षसांना काठीने मारत हिंडलो.

ती तलवार मिलिंदच्या मनातून कधी गेली नाही. पन्नाशीजवळ आल्यावर एक दिवस म्हणाला, "शास्त्रीबुवा, आता तो गेम मराठीत करायचा."

असे वेडे जगभर आहेत म्हणे. जुने गेम उघडतात, आतली वाक्यं काढून आपल्या भाषेतली भरतात आणि तो 'पॅच' फुकट वाटतात. इंटरनेटवर त्यांचा एक फोरम आहे. तिथे लोक नावाड्याच्या टोपीच्या रंगावरून वर्षानुवर्षं भांडतात. आमच्या पंडितसभांमध्ये याहून वेगळं काही होत नाही, म्हणून मला लगेच घरच्यासारखं वाटलं.

मिलिंद कुकटपल्लीतल्या कारखान्यातून घरी आला की बसायचा. देवनागरीचं एकेक अक्षर ठिपक्याठिपक्याने काढायचा. जोडाक्षरं दिसली की मला शिव्या.

मंत्रांची नावं माझ्याकडे होती. जखमा बऱ्या करणाऱ्या मंत्राला मी एक छान लांब समास दिला. गेम जागच्या जागी गोठला.

"काय झालं?"

"तुझा समास त्याच्या घशात अडकला. सहा अक्षरांत दे."

मी 'संजीवनी' दिलं. "आता कसा माणसात आलास," म्हणाला.

चाचणीचं काम गौरीचं, म्हणजे त्याच्या मुलीचं. इंजिनिअरिंगला आहे. मराठी बोलते फर्राटेदार, वाचायची मात्र बोट ठेवून. पूर्ण गेम मोठ्याने वाचत खेळली. शाळेने जे केलं नाही ते राक्षसांनी केलं.

आणि मग नावाडी मेला.

गेमच्या मध्यावर तो सगळ्यांना नदीपार करतो आणि स्वतः बुडतो. फोरमवर कुणी सांगतं, अमुक गुहेतली मुळी आधी आणली तर वाचतो. मिलिंदने गेमच्या पोटात शिरून पाहिलं. अशी कुठली मुळी नाही.

पण एक गंमत सापडली. मेल्यावरही नावाड्याची ताकद, कपडे, वल्हं, सगळं मेमरीत तसंच पडून असतं. एक आकडा बदलला की तो उठून चालायला लागतो.

"मग बदल ना बाबा," गौरी म्हणाली.

"नक्को. लिहिणाऱ्याने मारलाय त्याला. आपण भाषा बदलायला आलोत."

"फोरमवर सगळे करतात."

"करू दे."

हे बरेच दिवस चाललं. मध्येच मिलिंदला कावीळ निघाली, आणि ती नुसती कावीळ नव्हती.

एका दुपारी मी गेलो तेव्हा तो पलंगावर पडलेला, शेजारी गौरी लॅपटॉप घेऊन. नावाडी पुन्हा बुडत होता. तिने स्क्रीन मिटली.

"ह्याला ठेव ना बाबा."

या वेळी कुणीच गेमबद्दल बोलत नव्हतं. आम्हा तिघांनाही ते कळत होतं.

मिलिंदने उशीला टेकून लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "वेगळा पॅच कर. माझ्या पॅचला हात लावू नक्को." आणि कुठला आकडा बदलायचा ते तिला सांगितलं.

नावाडी उठला. इतरांच्या मागे चालायला लागला. गौरी खूश.

दहा मिनिटांनी म्हणाली, "हा बोलत का नाही?"

"बोलेल कसा? पुढे त्याच्यासाठी कुणी काही लिहिलंच नाही." मिलिंद माझ्याकडे वळला. "शास्त्रीबुवा, ह्याच्या तोंडी काहीतरी द्या."

मी दिलं. नदी, देह, पैलतीर, सगळं.

वाचून म्हणाला, "हा नावाडी आहे का मठाधिपती? परत काय आला, प्रवचनच सुरू केलं."

मी पुन्हा लिहिलं. ते वाचायला मिलिंद राहिला नाही.

तेरावं झाल्यावर गौरीने त्याचा पॅच फोरमवर टाकला. त्यात नावाडी मरतो. दुसऱ्या पॅचबद्दल मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात ती नल्लकुंट्याला माझ्या घरी आली.

"काका, तुमची वाक्यं काढून टाकली मी. रागावू नका. मी लिहिली."

मी वाचायला बसलो.

पहिल्या मुक्कामी नावाडी म्हणतो, "पाणी पिलीस का?"

बर्फाच्या घाटाआधी: "स्वेटर घेतलं ना? घेतलं म्हणू नक्को, दाखव."

राक्षसराजाच्या दारात: "घाई कशाला? तो कुठं पळून जातो की काय. आधी सेव्ह कर."

मी चष्मा पुसला. म्हटलं, "घाटात स्वेटर? हे लोक चिलखत घालतात गं."

"थंडी वाजते काका चिलखतात."

शेवटची एक जागा तिने रिकामी ठेवली होती. राक्षस संपतो, सगळे किनाऱ्यावर निरोप घेतात, प्रत्येकाला एक वाक्य.

"इथे बाबा काय बोलले असते, काय की. मला नाही जमत. तुम्ही लिहा."

मी एकच वाक्य लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा समास टाळून.

"तुम्ही व्हा पुढे. मी नाव बांधून येतो."

गौरीने ते वाचलं. बोट न ठेवता. मग टाइप केलं आणि माझ्या बायकोला पोहे करायला मदत करते म्हणून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

आज सकाळी श्राद्ध उरकल्यावर तिने दुसराही पॅच टाकला. ज्यांना मूळ गोष्ट हवी त्यांनी मिलिंदचा घ्यावा. तोच खरा, मिलिंद बरोबर होता.

गौरी आणि मी मात्र तिचाच खेळतोय.

मिलिंद, मित्रा, तुला नमस्कार.